मध्यंतरातला सत्कार

आमचा संघ हरतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी आशा लावून बसायला नको. फुटबॉलचा संघ, आणि तोही भिगवणच्या अलीकडं उजनीच्या पाण्याला टेकलेल्या आमच्या गावाचा. जिथं पोरगं नीट चालायला लागलं की त्याला कबड्डीच्या मैदानात सोडतात, तिथं फुटबॉल कशाला काढला, हे मला बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. जसं काही मीच काढला!

काढला तो आमच्या हायस्कुलातल्या खेळाच्या सरांनी. सर कोल्हापूरकडचे. तिकडं म्हणे फुटबॉलवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. इकडं नोकरीला आले ते बॉल बगलेत मारूनच आले, आणि रिटायर झाल्यावरही परत गेले नाहीत. शाळेतनं बाहेर पडलेली पोरं, कारखान्यात रोजंदारीला जाणारी पोरं, मासे विकणारी, ट्रॅक्टर चालवणारी, अशी सगळी गोळा करून त्यांनी संघ बांधला. तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाहेर पडायचं, हा आमचा रिवाज. एकदा समोरचा संघ आलाच नाही म्हणून आम्ही दुसऱ्या फेरीत गेलो होतो, तेव्हा पेढे वाटले होते.

मैदानाचीही एक तऱ्हाच आहे. ते धरणाच्या पोटात आहे. पावसाळ्यात उजनी भरली की मैदान पाण्याखाली जातं आणि उन्हाळा लागायच्या सुमाराला पाणी मागं सरकलं की परत वर येतं. पाणी हटलं की गाळाची काळीभोर जमीन उघडी पडते, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या ते लोक आपापली जुनी हद्द आठवून तिथं कांदा, मका, कलिंगड करतात. कागद कुणाकडंच नसतो. अमक्याची विहीर इथं होती, तमक्याचा बांध तिथं होता, एवढ्यावर सगळं चालतं, आणि ज्याची हद्द त्यानं पेरलं नाही तर शेजारचा हळूच नांगर आत घालतो. आमचं मैदान म्हणजे गावातल्या एका आबांची जुनी हद्द. आबा दरवर्षी पाणी हटलं की खुर्ची घेऊन तिथं जाऊन बसतात, म्हणजे कुणी नांगर घालायला नको. स्वतः पेरत नाहीत, दुसऱ्याला पेरू देत नाहीत. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. समोरचा गडी बॉल घेऊन आला की ते ओरडतात, "तंगडी धर त्याची! सोडू नगं!"

आता माझं सांगते. मी भिगवणला एका दवाखान्यात नर्स आहे. बाळंतपणाचा दवाखाना, त्यामुळं दिवसभर माझं एकच काम. हळू बोला. आवाज करू नका. बाहेर जाऊन बोला. नातेवाइकांना सांगून सांगून माझाच आवाज इतका खाली गेलाय की घरी फोनवर बोलले तरी समोरचा म्हणतो, आजारी आहेस का. घरी सासूबाईंचं म्हणणं असं, की बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला नाही पाहिजे. स्वभावानं वाईट नाहीत हो त्या, पण कुकरच्या शिट्टीवरसुद्धा त्यांच्या कपाळाला आठी पडते. नवरा मुळातच अबोल. म्हणजे विचार करा, मूळची मी वरकुट्याची, रानात एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर हाक मारणाऱ्या घरातली, आणि इथं माझा गळा नुसता जेवण गिळायला उरला होता.

बसमधनं उतरून घरी जायची वाट मैदानाच्या कडेनं जाते. एका संध्याकाळी अशीच चालले होते, तर बॉल येऊन बदकन माझ्या पिशवीवर. डबा चेपला, चष्मा उडाला. माझं डोकंच फिरलं. "अरे मुडद्यांनो, डोळे काय घरी खुंटीला लावून आलाय का? एवढं मोठं मैदान पडलंय, तिथं जात नाही बॉल, माझ्या पिशवीत बरा येतोय!" आणखीही बरंच बोलले, इथं लिहिण्यासारखं नाही. खेळणारी पोरं जागच्या जागी थांबली. मग मला कळलं आपण केवढ्यानं ओरडलोय, आणि मी घाबरून इकडं तिकडं बघायला लागले. तर गोलमध्ये उभा असलेला माणूस पोट धरून हसत होता. भिगवणच्या मासळी बाजारात त्याचा गाळा आहे, माझ्याच वयाचा, गोलकीपरला शोभणार नाही असा गोल गरगरीत. म्हणाला, "वहिनी, लई बेस बोलला बगा. उद्याबी या. ह्या पोरांना आमी सांगून ऐकत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. तेव्हापासून पाणी हटलेलं असेल तेवढे महिने मी रोज संध्याकाळी तिथं असते. बसायला आबा शेजारी दुसरी खुर्ची ठेवतात, पण मला काय बसवत नाही. पायाला भिंगरी लागल्यागत मी कडेकडेनं इकडून तिकडं जाते, बॉल जाईल तिकडं, आणि तोंड सुरूच. त्या मासेवाल्या गोलकीपरला मैदानाबाहेर मी भावजी म्हणते आणि मैदानात 'अरे ठोंब्या' म्हणते, आणि त्याला दोन्ही चालतं. बॉल त्याच्या दोन पायांच्या मधनं गेला की तो आधी माझ्याकडं बघतो, मी काय म्हणते ते सगळं ऐकून घेतो, आणि मगच जाळीतनं बॉल काढायला जातो. इतकी वर्षं झाली, उलटून एक शब्द नाही बोलला.

ओरडून ओरडून घसा बसला की घरी जायचं. नवरा दारातच हळूच विचारतो, "आलात का हरून?" मी म्हणते, आलो. तो म्हणतो, चहा ठेवलाय. सासूबाई काही म्हणत नाहीत, कारण त्यांना वाटतं मी दवाखान्यात जास्तीची ड्युटी करते. घसा दवाखान्यातच बसला असं त्या शेजारणीला सांगतात.

तर असं चाललेलं असताना एका संध्याकाळी सरांनी सराव थांबवला आणि सगळ्यांना गोल करून बसवलं. मलाही बोलावलं. बारामतीत एका संस्थेनं फुटबॉलचं मैदान केलंय, म्हणाले. हिरवळीचं. बारा महिने खेळता येईल असं. रात्रीचे दिवे आहेत, पोरांना राहायला खोल्या आहेत, बूट, कपडे, दूध, अंडी सगळं त्यांच्याकडून. त्यांना तयार संघ हवाय. नाव त्यांचं लागेल आणि सामने, सराव, सगळं तिकडं.

"आनी आपलं मैदान?" आबांनी विचारलं.

सर म्हणाले, "आबा, आपल्या मैदानावर सहा महिने मासे खेळतात."

पोरं हसली. मला हसू येईना. बारामती काही परदेशात नाही, मला कळतं. पण भिगवणहून दवाखाना सुटल्यावर बारामतीला जाऊन परत यायचं, तेही रोज, हे कुठल्या घरातली सून करेल? आणि सासूबाईंना काय सांगायचं, तिकडंही ड्युटी लागली म्हणून? संघ गेला तर मी परत त्या 'हळू बोला'त जाणार, कायमची. हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की मी सरांवरच तुटून पडले. "सर, तुम्ही कोल्हापूरचे म्हणवता आणि दूध-अंड्याला भुलता?"

सर माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, शेळगावचा आपला पोरगा बघा. काय पळतो! त्यानं काय आयुष्यभर चिखलातच पळायचं?"

शेळगावचा पोरगा म्हणजे आमचा एकमेव खेळाडू म्हणावा असा खेळाडू. डावीकडनं खेळायचा. सायकलवर यायचा, एवढ्या लांबनं, आणि गोल मारला, म्हणजे वर्षाकाठी एखादा, की थेट माझ्यापुढं येऊन उभा राहायचा. मी त्याला शाबासकी दिली तरी यायचा, शिव्या दिल्या तरी यायचा. सरांचं बोलणं मला पटत होतं, हीच तर अडचण होती. नुसतं खोटं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. दवाखान्यात माझं लक्ष लागेना. उभं राहवेना, बसवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिस्टर, तुम्हालाच सलाइन लावू का? घरात भाकरी तव्यावर टाकून मी खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि भाकरी करपायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, "एवढं काय त्यात? हरणारा तर संघ." मी त्याला म्हटलं, "हरणारा आहे म्हणून काय झालं, माझा आहे." करपलेली भाकरी त्यानं मुकाट्यानं खाल्ली.

शेवटी सरांनीच मधला मार्ग काढला. संस्थेच्या साहेबांना त्यांनी गळ घातली, की एकदा आमचा सामना इथं येऊन बघा. लोक बघा, मैदान बघा. पटलं तर संघ इथंच राहू द्या, पाणी असेल तेवढे महिने पोरं तुमच्याकडं येतील, बाकीचे दिवस इथं. साहेब कबूल झाले. समोर खेळायला इंदापूरचा संघ बोलावला. तारीख ठरली आणि गावाच्या अंगात आलं!

मैदान झाडलं, पाणी मारलं, चुन्याची फक्की मारली. रेषा मारताना एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा लांब झाली ती परत पुसली. मांडववाल्यानं मांडव फुकट दिला. कुणी पाण्याचे जार दिले, कुणी स्पीकर, कुणी वडापाव. मासेवाल्या भावजींनी पाहुण्यांच्या जेवणाला वाम आणि चिलापी देतो म्हणून सांगितलं. आबा घरोघर फिरून माणसं गोळा करत होते. मी आपली एकच गोष्ट सगळ्यांना सांगत होते, की बाबांनो, आधी खेळ होऊ द्या. जे काय करायचं ते खेळ झाल्यावर करा.

"आगं पन पाव्हना गावात येनार," आबा म्हणाले, "त्याला टोपी-उपरनं नगं व्हय? रिकामा बसवायचा?"

"आबा, खेळ झाल्यावर."

"व्हय व्हय, खेळ झाल्याव," ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं, ते मांडववाल्याला फेट्याचा रंग सांगत होते.

साहेबांना यायला उशीर झाला. पंचांनी तरी किती थांबायचं? शिट्टी मारली, सामना सुरू झाला, आणि काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी आमच्या पोरांच्या अंगात कोण शिरलं होतं कुणास ठाऊक. बॉल पायाला चिकटून चालला होता. मी एका कडेनं पळत होते, पदर खोचून, आणि माझ्या मागं गावातल्या चार बायका, ज्या आजवर कधी मैदानावर फिरकल्या नव्हत्या, त्याही ओरडायला लागल्या. मासेवाल्यानं दोन बॉल असे अडवले की त्याचं त्यालाच खरं वाटेना. आणि साहेबांची गाडी मैदानाच्या टोकाला येऊन थांबली, साहेब खाली उतरले, आणि बरोबर त्याच वेळी शेळगावच्या पोरानं डावीकडनं आत घुसून गोल मारला.

अगं बाई! अख्खं गाव मैदानात. पोरगं धावत माझ्यापुढं आलं. मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला आनंदानं. साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते, मी डोळ्यांनी बघितलं. मध्यंतर झालं तेव्हा आम्ही पुढं होतो. आम्ही! पुढं! मला सुचेना हसावं का रडावं. अजून अर्धा खेळ तेवढा काढला की झालं. सूर्य अजून वर होता. वेळ भरपूर होता.

तेवढ्यात स्पीकर बोलला, "हॅलो, हॅलो. आलेल्या पाहुण्यांना विनंती, की त्यांनी व्यासपीठावर यावं."

मी पळत मांडवात गेले. "आबा, हे काय? खेळ झाल्यावर ठरलं होतं ना?"

"आगं साहेबास्नी परत जायची घाई हाय. आन हितं मोकळाच येळ हाय न्हवं? धा मिन्टात उरकतो."

दहा मिनिटांत! आमच्याकडं बारशाला नाव ठेवायलासुद्धा दहा मिनिटं पुरत नाहीत. आधी साहेबांना फेटा बांधला. फेटा बांधणारा गावातला सगळ्यात चोखंदळ माणूस, एक घडी वाकडी झाली की सगळा सोडून परत. मग शाल, नारळ, फोटो. मग साहेबांच्या ड्रायव्हरला टोपी, कारण त्याला कसं वगळायचं? मग इंदापूरच्या संघाच्या कप्तानाला. मग पंचांना. पंच म्हणत होते, अहो मला शिट्टी मारायची आहे, आणि त्यांच्या दोन्ही हातांत नारळ. मग मांडववाला, स्पीकरवाला, जारवाला, वडापाववाला. ज्याचं नाव राहील तो वर्षभर रुसून बसणार, लग्नाला बोलावलं तर यायचा नाही, म्हणून सूत्रसंचालक आठवून आठवून नावं घेत होता. जमीन दिली म्हणून आबांचा सत्कार, आणि आबा सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. गाव पाण्यात जायच्या आधीपासून त्यांनी सुरुवात केली.

मी बाहेर येऊन मैदान बघायची, परत मांडवात जायची. आमची पोरं मध्येच बसली होती, अंगावरचा घाम वाळलेला, चहा पीत. सर कपाळाला हात लावून. उन्हाची तिरीप मैदानावरनं हटून पाण्यावर गेली होती. मी सूत्रसंचालकाला खुणा केल्या. त्या बावळटाला काय वाटलं देव जाणे, तो माइकवर म्हणाला, "आणि आता आपल्या संघाच्या सर्वांत निष्ठावान प्रेक्षक, आपल्या गावच्या सूनबाई, यांचा सन्मान साहेबांच्या हस्ते."

टाळ्या. दोन बायकांनी मला धरून वर चढवलं. साहेबांनी हातात साडी-नारळ दिला. "दोन शब्द बोला," म्हणून माइक पुढं केला. मी माइक हातात घेतला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून ओरडले, "बास करा आता! खेळ सुरू करा! दिवस मावळला!"

सगळ्या मांडवानं टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी शिट्टीपण मारली. सूत्रसंचालक म्हणाला, "थोडक्यात पण मोलाचं मनोगत," आणि पुढचं नाव पुकारलं.

खेळ परत सुरू झाला तेव्हा समोरचा गोल दिसत नव्हता. पंचांनी थोडा वेळ रेटलं. बॉल कुठं गेला हे पोरं एकमेकांना विचारत होती. दोन मोटारसायकलींचे दिवे लावून बघितले, त्यानं तर खेळाडूंचे डोळेच दिपले. शेवटी इंदापूरच्या कप्तानानं हात वर केला, पंचांनी दोन्ही कप्तानांना बोलावलं आणि सामना रद्द म्हणून सांगितलं. जिंकलो नाही. हरलोही नाही. काहीच नाही.

साहेबांनी जेवण मात्र पोटभर केलं. वाम त्यांना फार आवडली. निघताना सरांचा हात हातात घेऊन ते जे म्हणाले ते मी गाडीच्या शेजारी उभी राहून ऐकलं. "माणसं फार चांगली आहेत हो तुमची. इतकं प्रेम मला कुठं मिळालं नाही. पण सर, खेळ राहून जातो." कुत्सितपणे नाही म्हणाले, मनापासून म्हणाले. म्हणून तर जास्त लागलं. कुणावर ओरडायचं? आबांवर? ते फेटा बांधूनच गाडीमागं चार पावलं चालत गेले, हात जोडून, इतके खूश, की आता संघ राहतोच असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना काही बोलले नाही. घरी गेले. नवऱ्यानं विचारलं, "आलात का हरून?" त्याच्या पुढ्यात साडी-नारळ आपटला आणि ढसाढसा रडले. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी साडी उलगडून बघितली आणि म्हणाल्या, काठ चांगले आहेत.

पुढचं फार लवकर झालं. साहेबांनी सगळा संघ नेला नाही. चांगले चांगले निवडून नेले. शेळगावचा पोरगा पहिला. सर प्रशिक्षक म्हणून गेले, त्यांना खोली मिळाली. मासेवाल्या गोलकीपरला ठेवलं इथंच, वय झालं आणि अंगही सुटलं म्हणून. ट्रॅक्टरवाला राहिला, आणखी दोघं-तिघं राहिले. मला वाटलं आता आबा कलिंगड लावणार. पण त्यांनी खुर्ची तिथंच टाकली. मासेवाल्या भावजींनी वरकुट्यातनं दोन पोरं आणली, शेळगावातनं तीन आणली, त्यातल्या एकाला तर बॉलला हात लावायचा नसतो हेच माहीत नव्हतं. संध्याकाळी बसमधनं उतरले की मी जायचे. ओरडायचे. पण खरं सांगायचं तर लक्ष लागायचं नाही. डावीकडनं कुणी पळत निघालं की माझे डोळे त्या शेळगावच्या पोराला शोधायचे, आणि पळणारा दुसराच कुणीतरी असायचा. बारामतीला त्यांचे कसे सामने झाले, कोण जिंकलं, हे मी दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना विचारायची. जिंकत होते. दर वेळी जिंकत होते.

मग साहेबांनी आम्हालाच बोलावलं. मैत्रीचा सामना. जुना संघ, नवा संघ, असं काहीतरी. टेम्पोत बसून आम्ही बारामतीला गेलो. आबासुद्धा, खुर्चीसकट. मी रजा टाकली आणि सासूबाईंना या वेळी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, जा, पण डोक्यावर ऊन घेऊ नको.

काय ते मैदान! हिरवंगार, सपाट. बसायला पायऱ्या. लोक येऊन शिस्तीत बसलेले, टाळ्या वाजवत होते तेही मापात. मी कडेनं चालायला लागले तर एक माणूस आला, "मॅडम, प्लीज बसून घ्या, मागच्यांना दिसत नाही." त्याला काय सांगणार? गोलच्या मागं थोडी जागा होती तिथं जाऊन उभी राहिले. आबांनी शेजारी खुर्ची टाकली. समोर पाठमोरे मासेवाले भावजी, हात पसरून.

आमचे लोक बरे खेळत होते. म्हणजे पळत तरी होते. मी ओरडत होते, "अरे ठोंब्या, पुढं हो," "सोड तो बॉल," जे काय नेहमीचं. आणि मग डावीकडनं तो निघाला. निळा नवा टी-शर्ट, नवे बूट, पण पळणं तेच, मान जराशी वाकडी करून. आमचे दोघं आडवे आले, त्यांना त्यानं मागं टाकलं. आबा ओरडले, "तंगडी धर!" कुणी धरली नाही. त्यानं मारला, भावजी उजवीकडं पडले, बॉल डावीकडनं आत गेला.

"शाबास रे माझ्या वाघा!"

अख्ख्या मैदानानं मान वळवली. मलाही कळलं नाही हे कोण ओरडलं, इतकं ते आतनं आलं होतं. पोरगं तसंच धावत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं, दोन्ही हात वर करून, तोंडभर हसत. आणि मी हसत होते. मग त्याच्या मित्रांनी त्याला मागं ओढून नेलं.

भावजी उठले. गुडघ्यावरची माती झटकायला गेले, तिथं माती नव्हती. जाळीतनं बॉल काढला. आज माझ्याकडं आधी बघितलं नव्हतं. बॉल पोटाशी धरून ते जाळीपाशी आले, अगदी जवळ, आणि म्हणाले, "वहिनी, तुमी कुनाकडनं हाय?"

रागानं नाही विचारलं. माहीत नसतं म्हणून विचारतात ना, तसं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "तुमच्याकडनं, भावजी." पण तोंडातनं निघालं ते दवाखान्यातल्या आवाजात. त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते थोडा वेळ थांबले, मी परत म्हणेन म्हणून. पंचांनी शिट्टी मारली. भावजींनी बॉल मधे टाकला आणि माझ्याकडं पाठ करून गोलमध्ये उभे राहिले.